कौलांच्या गावातलं कॉन्व्हेंट

मंगळूर म्हटलं की आमच्या घरात इतकी वर्षं फक्त कौलं आठवायची. माझ्या माहेरी, शहापूरच्या जुन्या घरावर मंगळुरी कौलं होती. पावसाळ्याच्या आधी वडील शिडी लावून वर चढायचे, फुटकी कौलं काढून खाली द्यायचे. त्या कौलांच्या पाठीवर उमटलेली इंग्रजी अक्षरं आम्ही भावंडं लावून लावून वाचायचो. त्या अक्षरांचं गाव कधी बघायला मिळेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. बेळगावच्या माणसाचे रस्ते पुण्याला, कोल्हापूरला, गोव्याला किंवा धारवाडला जातात. मंगळूरला आपलं कोण आहे?

यंदा मात्र मंगळूर आमच्या घरात अर्ज भरूनच शिरलं. लेकीची पीयूसी झाली आणि तिने सगळ्यांना न विचारता मंगळूरच्या सेंट अ‍ॅग्नेस कॉलेजात बी. एस्सी.साठी अर्ज केला. प्रवेश मिळाला, हॉस्टेलही मिळालं, आणि मग तिने आम्हाला सांगितलं.

आमचं घर दोन भाषांचं. माझं माहेर मराठी, सासर कन्नड. सासूबाईंना आम्ही अत्ती म्हणतो. त्या गोकाक तालुक्यातल्या. शाळा चौथीपर्यंत, कारण पुढची शाळा शेजारच्या गावात होती आणि मुलीला तिकडे पाठवायची पद्धत नव्हती. बातमी ऐकून अत्तींनी विळीवरची भाजी तशीच ठेवली आणि मला विचारलं, "यव्वा, हुडगीन अष्ट दूर याक कळसती?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं म्हणजे माझ्याही मनात तेच होतं. बेळगावात काय कॉलेजं कमी आहेत? मी स्वतः एका कॉलेजात इतिहास शिकवते. लेक माझ्याच डोळ्यासमोर शिकली असती. पण हे बोलायला तोंड उघडलं की मला माझीच गोष्ट आठवायची. बी. ए. झाल्यावर मला धारवाडला विद्यापीठात एम. ए.ला प्रवेश मिळाला होता. हॉस्टेलचं नाव काढताच वडिलांनी नाही म्हटलं. बेळगाव ते धारवाड अंतर ते किती! मी एम. ए. केलं ते लग्नानंतर, बाहेरून परीक्षा देऊन, मांडीवर हीच लेक असताना. तेव्हा 'नाही' हा शब्द माझ्या तोंडून निघणं कठीण होतं आणि 'हो' हा शब्द त्याहून कठीण.

शेजारच्या काकूंनी आणखी एक शंका काढली. "कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलात? मग ती मुलीला त्यांच्यात ओढणार नाहीत ना?" मला हसू आलं, कारण काकूंचा स्वतःचा नातू 'कॉन्व्हेंट'मध्येच जातो. आपल्याकडे हा शब्द भलताच स्वस्त झाला आहे. दोन खोल्या, एक घसरगुंडी आणि टाय लावलेली चाळीस पोरं असली की झालं कॉन्व्हेंट. तिथे नन औषधालाही सापडत नाही. मूळ शब्दाचा अर्थ मठ. व्रत घेतलेल्या स्त्रिया एकत्र राहतात ती जागा. तो अर्थ मागे पडला आणि शाळा तेवढी आपल्या तोंडात राहिली. असं का झालं, याचं निम्मं उत्तर मला मंगळुरात मिळालं.

री नसलेलं कन्नड

जूनचा पहिला आठवडा. रात्रीची बस. अत्तींनी नातीच्या बॅगेत शेंगाची चटणी, कडक भाकरी, गोकाकचं करदंट आणि बेळगावचा कुंदा असं सगळं कोंबलं होतं. आपण परदेशात निघालोय की काय असं वाटावं. हुबळी मागे पडली, यल्लापूरनंतर घाट लागला आणि पाऊस सुरू झाला. अंकोल्यापासून पुढे रस्ता समुद्राच्या बाजूने खाली उतरत जातो. कुमठा, होन्नावर, भटकळ ही नावं झोपेत कंडक्टरच्या तोंडून कानावर येत होती. उजाडलं ते मरवंते जवळ. तिथे रस्त्याच्या एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी, मधून आपली बस. लेकीने मला हलवून उठवलं आणि काहीही न बोलता खिडकीकडे बोट केलं. आम्ही दोघी पुढची काही मिनिटं नुसत्या बघत राहिलो.

मंगळूरला उतरल्यावर पहिली फजिती भाषेची. आम्ही मोठ्या विश्वासाने कन्नडमध्ये बोलायला गेलो, तर रिक्षावाला आमच्या तोंडाकडे बघायला लागला. आपलं कन्नड म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'री'. "यष्ट तगोतीरी?" "हौदरी." मंगळूरचं कन्नड म्हणजे पाठ्यपुस्तकातून उचललेलं, स्वच्छ, प्रत्येक अक्षराचा उच्चार करणारं. घरात बोलायला तुळू, बाजारात कन्नड, मुसलमान वस्तीत ब्यारी, आणि ख्रिस्ती व सारस्वत घरांत कोकणी. दोन भाषांत जगतो म्हणून आपण स्वतःची पाठ थोपटून घेतो. इथला भाजीवाला चार भाषांत भाव सांगतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

कोकणी कानावर पडली की मात्र मला घरी आल्यासारखं वाटत होतं. गोव्यातून काही शतकांपूर्वी खाली सरकलेली ही मंडळी. त्यांचे सूर वेगळे, पण शब्द ओळखीचे. मी मराठीत विचारायचं, समोरच्याने कोकणीत सांगायचं, असं आमचं दोन दिवस बरं चाललं.

कौलंही दिसली. बासेल मिशनच्या जर्मन आणि स्विस लोकांनी १८६५ साली इथे कौलांचा कारखाना काढला, आणि मग इथल्याच लोकांनी आणखी कारखाने उभे केले. त्याच मिशनच्या हेर्मान मोगलिंग यांनी १८४३ साली इथून 'मंगळूर समाचार' हे कन्नडमधलं पहिलं वृत्तपत्र काढलं. कौलं आणि वर्तमानपत्र एकाच हातांनी या किनाऱ्याला दिलं म्हणायचं. पण बासेल मिशन प्रोटेस्टंट. माझ्या लेकीचं कॉलेज ज्यांचं, त्या अपोस्टोलिक कार्मेल संघाच्या सिस्टर कॅथलिक. त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सुरू होते इस्तंबूलला.

पाद्र्याची मुलगी

सोफी लीव्हज हिचा जन्म १ ऑक्टोबर १८२३ रोजी कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला झाला. वडील तिथल्या ब्रिटिश वकिलातीचे अँग्लिकन पाद्री. घर सुशिक्षित, मुलगी बहुभाषक. तिने १८५० साली माल्टा बेटावर कॅथलिक पंथ स्वीकारला. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही, कारण दोन्ही ख्रिस्तीच. पण त्या काळच्या इंग्रज पाद्र्याच्या घरात हे म्हणजे आपल्याकडे भटजींच्या मुलीने मठ-संप्रदाय बदलून निघून जाण्यासारखं होतं. पुढच्या वर्षी ती सेंट जोसेफ ऑफ द अ‍ॅपरिशन या फ्रेंच संघात सिस्टर झाली. नाव मिळालं व्हेरोनिका.

या संघाने तिला १८६० च्या दशकात मलबारच्या किनाऱ्यावर कालिकतला मुलींच्या शाळेवर पाठवलं. तिथे तिची गाठ मारी एफ्रेम या फ्रेंच कार्मेलाइट धर्मगुरूंशी पडली. त्यांच्या डोक्यात एक विचार घोळत होता. या किनाऱ्यावर मुलींच्या शाळा हव्यात, त्या चालवायला शिकलेल्या बायका हव्यात, आणि त्या बायका कार्मेलच्या परंपरेतल्या असाव्यात.

इथे थोडं थांबून कार्मेल म्हणजे काय ते सांगायला हवं. आजच्या इस्रायलमध्ये हैफाजवळ कार्मेल नावाचा डोंगर आहे. बाराव्या शतकाच्या सुमारास तिथे एकांतवासी साधू राहत. त्यांच्यापासून निघालेला हा पंथ. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या आविला गावच्या तेरेसा यांनी त्यात सुधारणा केली. १५६२ साली त्यांनी साधं, कडक नियमांचं पहिलं मठघर काढलं. या सुधारलेल्या शाखेला 'अनवाणी कार्मेलाइट' म्हणतात. तिच्यातल्या स्त्रिया मठाच्या भिंतीआड राहतात, प्रार्थना करतात, बाहेर पडत नाहीत. भेटायला आलेल्याशी जाळीआडून बोलायचं. आता अशा परंपरेतल्या बायकांनी रोज शाळेत जाऊन पोरींना गणित शिकवायचं कसं? मारी एफ्रेम आणि सिस्टर व्हेरोनिका यांच्यापुढचा प्रश्न हाच होता. त्यांनी काढलेलं उत्तर म्हणजे आतून कार्मेल आणि बाहेरून शाळा. प्रार्थना मठातली, काम गावातलं.

त्यासाठी व्हेरोनिकांना आपला जुना संघ सोडावा लागला. त्या १८६४ साली युरोपला परतल्या आणि १८६७ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेकडल्या पो या गावी बंद मठात कार्मेलची रीत शिकायला राहिल्या. मग १६ जुलै १८६८ रोजी जवळच्या बायोन गावी त्यांनी नवं घर उघडलं. तिथे तरुण मुली घ्यायच्या, तयार करायच्या आणि भारतात पाठवायच्या. १६ जुलै हा कार्मेल मातेचा सणाचा दिवस. चव्वेचाळीस वर्षांची बाई, तिसऱ्यांदा नव्याने सुरुवात करत होती.

तिघी

बायोनहून निघालेल्या तीन सिस्टर १९ नोव्हेंबर १८७० रोजी मंगळूरला पोचल्या. त्यांच्या प्रमुख होत्या मदर मारी देझांज. मारी एफ्रेम तोवर मंगळूरचे बिशप झाले होते. तेव्हा आपलं बेळगाव मुंबई इलाख्यात आणि मंगळूर मद्रास इलाख्यात. सुएझचा कालवा उघडून जेमतेम एक वर्ष झालेलं. तिघींनी सेंट अ‍ॅन्स हे घर आणि त्याची मुलींची शाळा सुरू केली. ती आजही आहे.

त्याच वर्षी, त्याच बिशपांच्या बोलावण्यावरून, पोच्या बंद मठातल्या काही ननही मंगळूरला निघाल्या होत्या. त्यांचा प्रवास वाईट झाला. वाटेत आणि किनाऱ्याला लागल्यावर लगेच तिघींचा मृत्यू झाला. वाचलेल्यांत एक होती मरियम बावार्दी. पॅलेस्टाइनमधल्या इबिलीन गावची, लहानपणीच आईबाप गेलेली, जेमतेम अक्षरओळख असलेली अरब मुलगी. व्हेरोनिका १८६७ साली पोला गेल्या तेव्हा हिलाही बरोबर घेऊन गेल्या होत्या. मरियमने २१ नोव्हेंबर १८७१ रोजी मंगळुरातच आपलं कायमचं व्रत घेतलं. तिला होणाऱ्या साक्षात्कारांवर पुढे बिशपांचा विश्वास राहिला नाही आणि १८७२ मध्ये तिला परत फ्रान्सला धाडण्यात आलं. पुढे ती बेथलेहेमला मठ बांधायला गेली आणि १८७८ साली, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारली. पोप फ्रान्सिस यांनी १७ मे २०१५ रोजी तिला संत घोषित केलं. ज्या गावाने तिला परत पाठवलं, त्या गावात आज तिची तसबीर लोक अभिमानाने दाखवतात. इतिहास शिकवताना अशा गोष्टी वर्गात सांगितल्या की मुलं हसतात, पण लक्षातही ठेवतात.

आणि व्हेरोनिका? त्यांचं बायोनचं घर १८७३ साली बंद झालं. जेमतेम पाच वर्षं चाललं. त्या पुन्हा कार्मेलच्या बंद मठात गेल्या आणि नंतरचं आयुष्य त्यांनी भिंतीआडच काढलं. १६ नोव्हेंबर १९०६ रोजी पो इथे त्या वारल्या. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली त्यांना 'वंदनीय' म्हटलं. ज्या कामासाठी त्यांनी दोनदा घर बदललं, एवढी धडपड केली, ते मंगळूरचं काम बघायला त्या कधीच आल्या नाहीत.

हे सगळं मला आधी पुस्तकातून ठाऊक होतं. इतिहासाच्या बाईला तेवढं ठाऊक असायचंच. पण त्यातलं शेवटचं वाक्य पुस्तकात वाचून मी पुढे गेले होते. ते मला अडलं ते मंगळुरात.

एका ट्रंकेतलं सामान

हॉस्टेलचे कागद पूर्ण झाल्यावर मी लेकीला तिच्या खोलीत सामान लावायला सोडलं आणि पलीकडच्या व्हरांड्यात बसले. पाऊस कौलांवर वाजत होता. एक वयस्क सिस्टर हळूहळू चालत आल्या आणि शेजारी टेकल्या. मी मराठीत बोलले, त्यांनी कोकणीत उत्तर दिलं. बेळगावची म्हटल्यावर त्यांनी कुंद्याची आठवण काढली. मग काय, अत्तींनी दिलेला डबा उघडला.

त्यांनी एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं. त्यानंतर बदल्या किती झाल्या ते त्यांनी बोटांवर मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पाटण्याला होत्या, गोव्याला होत्या, केरळातही होत्या. वरून कागद आला की आठ दिवसांत निघायचं. "एक ट्रंक. तीत मावेल तेवढंच आपलं," त्या म्हणाल्या. पाटण्याला गेल्या तेव्हा हिंदीचा एक शब्द येत नव्हता. पहिलं वर्ष वर्गातल्या मुलीच त्यांना हिंदी शिकवायच्या.

त्यांच्या बदल्यांची गावं ऐकताना मला या संघाचा नकाशाच दिसू लागला. मंगळूरच्या सेंट अ‍ॅन्सपासून निघालेली रेघ १९२१ साली सेंट अ‍ॅग्नेसला पोचली. मदर अलॉयसिया यांनी काढलेलं हे मुलींचं कॉलेज. त्या काळी इथल्या मुलीला पदवी घ्यायची तर मद्रासची वाट धरावी लागे. पुढे १९२२ साली सिस्टर श्रीलंकेला गेल्या. १९४० मध्ये पाटणा विमेन्स कॉलेज, तिथल्या बिशपांच्या साथीने. १९४८ मध्ये बेंगळूरचं माउंट कार्मेल. १९५२ मध्ये कालिकतचं प्रॉव्हिडन्स, म्हणजे व्हेरोनिकांनी जिथे पहिल्यांदा शिकवलं त्याच गावात. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ साली नुवेचं कार्मेल कॉलेज. आपल्या गोव्याकडच्या कितीतरी वाचक भगिनी तिथे शिकल्या असतील. तिघींनी केलेल्या सुरुवातीचा पुढचा हिशेब हा.

मी काकूंची शंका सिस्टरांना विचारली. जरा संकोचतच विचारली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आमचा देव आम्ही लपवत नाही. पण तुझ्या मुलीला तिचा देव आहे ना? तिला म्हणावं, तिने रोज दिवा लावावा. फक्त खोलीत आगपेटी चालत नाही, तेवढं बघ."

यावर मी नंतर विचार केला. धर्म पसरवणं हा मिशनचा हेतू होता आणि तो त्यांनी कधी नाकारला नाही. ते राज्यही परक्यांचं होतं. इतिहास शिकवताना हे झाकता येत नाही. पण याच परिसरातली दुसरी गोष्टही झाकता येत नाही. अनंतशास्त्री डोंगरे हे कार्कळजवळच्या माळ गावचे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना आपल्याच लोकांचा रोष पत्करावा लागला आणि ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे १८५८ साली त्यांना जी मुलगी झाली, ती आपली पंडिता रमाबाई. मुलीने शिकावं म्हणून बापाला रानात जावं लागलं, आणि त्यानंतर बारा वर्षांनी, त्याच घाटाच्या पायथ्याशी असलेल्या गावात, तीन परक्या बायका मुलींची शाळा चालवायला उतरल्या. दोन्ही खरं आहे. अत्तींची शाळा चौथीतच सुटली, तीही याच राज्यात आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी, हेही खरं आहे.

निघताना मी सिस्टरांना विचारलं, व्हेरोनिका मंगळूरला कधी आल्याच नाहीत, याचं तुम्हाला वाईट वाटतं का? त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बघितलं. डोक्यावरून खाली आलेलं वस्त्र, शांत चेहरा. "वाईट त्यांना वाटलं असेल," त्या म्हणाल्या. "पोरी पाठवल्या आणि आपण मागे राहिल्या. पण त्या सारख्या इथे येऊन बघत बसल्या असत्या, तर त्या तिघींनी काय केलं असतं?"

मग माझ्या हातातल्या मोबाइलकडे बोट करून म्हणाल्या, "पहिले पंधरा दिवस तिला फोन करू दे. तू करू नको."

मी मान हलवली. देव बरें करूं, असं त्या म्हणाल्या आणि कुंद्याचा डबा परत देताना त्यात चार केळ्यांचे बन्स घातले. आपल्या बेकरीतल्या बनशी यांचा काही संबंध नाही. पिकलेल्या केळ्याच्या कणकेच्या, गोडसर, फुगलेल्या पुऱ्याच म्हणा.

परतीची बस

फाटकापाशी लेक रडली नाही. मीही नाही. तिने मला रिक्षा बोलावून दिली, आणि तीही त्या 'री' नसलेल्या कन्नडमध्ये. दोन दिवसांत शिकली होती. रिक्षा वळली तशी मी मागे बघितलं. ती आत गेली होती.

तुम्ही कधी मंगळूरला गेलात तर मंगळादेवीचं आणि कद्रीचं देऊळ बघालच. समुद्रही बघाल. सेंट अलॉयशियस कॉलेजचं प्रार्थनागृहही बघा. अँतोनियो मोस्केनी या इटालियन ब्रदरने १८९९ पासून दोनेक वर्षं खपून त्याच्या भिंती आणि छत चित्रांनी भरून टाकलं आहे. पण वेळ असला तर एक चक्कर सेंट अ‍ॅन्सकडेही टाका. बघण्यासारखं तसं काही नाही. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभं राहायचं आणि दप्तरं घेतलेल्या मुली बाहेर येताना बघायच्या, बस्स. आत जायचं असेल तर फाटकावर विचारूनच जा. ती शाळा आहे आणि सिस्टरांचं राहतं घरही आहे.

घरी आल्यावर अत्तींनी सगळं विचारून घेतलं. जेवण काय, पाणी कसं, रात्री दार कोण लावतं. मी तिघींची गोष्ट सांगितली, व्हेरोनिकांचीही सांगितली. अत्ती लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ती बाई आली नाही ते नाही. पण पत्रं तरी येत असतील की गं तिला. नुसतं पोचलो एवढं कळलं तरी पुरतं."

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजात एका तासाला दोनदा मोबाइल बघितला, आणि तो तास मुलांना मोबाइल बंद ठेवा सांगून सुरू केलेला होता. रात्री नंबर काढला आणि ठेवून दिला. अत्ती शेजारी बसून हे सगळं बघत होत्या. काही बोलल्या नाहीत.

चौथ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. मी उचलला. लेक म्हणाली, "आई, अज्जीला दे."

मी फोन अत्तींच्या हातात दिला. इथून मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. भात लाल असतो, जाडा असतो, कुचलक्की म्हणतात त्याला, हे अत्ती मोठ्याने परत परत म्हणत होत्या, म्हणजे मलाही कळावं. चटणी संपली होती. खोलीतल्या बाकी तिघींनी संपवली होती. एक कासरगोडची, एक कारवारची, एक उडुपीची.

"मत्त कळसतेन," अत्ती म्हणाल्या. आणि फोन ठेवायच्या आत उठून शेंगा भाजायला गेल्या.